सव्वाआठ म्हणजे नक्की किती टक्के?

समजा, तुमच्या मार्कशीटवर ८.२५ सीजीपीए आहे आणि समोरच्या फॉर्ममध्ये ‘टक्केवारी’ असा रकाना आहे. काय भराल? सरळ दहाने गुणलंत तर ८२.५ येतात. सीबीएसईतून दहावी केलेला मित्र म्हणेल, साडेनऊने गुण. मग येतात ७८.३८. एआयसीटीईचा तक्ता उघडलात तर तिथे ८.२५ समोर ७५ लिहिलेलं दिसेल. आणि मुंबई विद्यापीठाच्या इंजिनीअरिंगच्या मुलांना तोंडपाठ असलेलं ‘७.१ ने गुणा, वर ११ मिळवा’ हे सूत्र लावलंत तर हातात येतात ६९.५८.

मार्कशीट एकच, पेपर तेच, रात्री जागून केलेला अभ्यासही तोच. उत्तरं मात्र चार. पंच्याहत्तरला डिस्टिंक्शन धरलं तर एका हिशेबात तुम्ही ऐटीत पास, दुसऱ्यात अगदी उंबरठ्यावर आणि तिसऱ्यात नुसते फर्स्ट क्लास.

आजवर आपण हा विषय हसण्यावारी नेत आलो. ‘डिग्री मिळाली ना, मग क्लास कोण बघतंय!’ असं म्हणणारा एक तरी सीनिअर प्रत्येक कॉलेजात असतोच. पण नव्या शैक्षणिक धोरणाने पदवीला चौथं वर्ष जोडलं आणि या क्लासच्या रेषेवर एक मोठा दरवाजा बसवला. त्यामुळे ही रेषा कोण आखतं, कशी आखतं आणि तुम्ही तिच्या कुठल्या बाजूला पडता, हे आता समजून घ्यायलाच हवं.

आधी ‘ऑनर्स’चा घोळ

‘ऑनर्स’ आणि ‘डिस्टिंक्शन’ हे शब्द आपण एका दमात घेतो. प्रत्यक्षात दोघांचा एकमेकांशी फारसा संबंध नाही. डिस्टिंक्शन हा मार्कांचा मामला. ऑनर्सचं तसं नाही. आपल्या देशात या एका शब्दाचे किमान तीन अर्थ चालतात.

पहिला अर्थ दिल्ली-कोलकात्याचा. तिथे बी.ए. ऑनर्स म्हणजे एकाच विषयाचा खोलात जाऊन केलेला अभ्यास. मार्क कमी पडले तरी डिग्रीवर ऑनर्स असतंच. आपल्याकडे याच्या जवळ जाणारा शब्द म्हणजे पुण्याकडचं ‘स्पेशल’. बी.ए.ला ‘मराठी स्पेशल’ केलं असं म्हणतो, ते. मुंबईत हेच ‘सहा पेपर एका विषयाचे’ असं सांगितलं जायचं. म्हणजे आपल्या आई-बाबांच्या पिढीने दिल्लीसारखाच अभ्यास केला, पण डिग्रीवर ऑनर्स हा शब्द काही उमटला नाही.

दुसरा अर्थ इंजिनीअरिंगचा. एआयसीटीईच्या चौकटीत नेहमीच्या क्रेडिट्सच्या वर १८ ते २० क्रेडिट्स जास्तीचे केले की बी.टेक.ला ऑनर्स किंवा मायनर जोडता येतं. इथे ऑनर्स म्हणजे जास्तीचं काम.

तिसरा अर्थ सगळ्यात नवा. यूजीसीने डिसेंबर २०२२ मध्ये पदवीचा नवा आराखडा आणला. त्यात तीन वर्षांची पदवी १२० क्रेडिट्सची आणि चार वर्षांची ऑनर्स पदवी १६० क्रेडिट्सची. महाराष्ट्राने एप्रिल २०२३ च्या शासन निर्णयात हीच मर्यादा तीन वर्षांसाठी १२० ते १३२ आणि चार वर्षांसाठी १६० ते १७६ अशी ठेवली. इथे ऑनर्स म्हणजे चौथं वर्ष. तुम्ही काठावर पास होत आलात तरी चौथं वर्ष पूर्ण केलंत की ऑनर्स.

थोडक्यात, कुणी ‘मी ऑनर्स आहे’ म्हणाला तर त्याने विषयात मुरून अभ्यास केला, जास्तीचे पेपर दिले की एक वर्ष जास्त काढलं, हे विचारल्याशिवाय कळत नाही.

आणि मग येतो तो ७५ चा आकडा

या तिसऱ्या ऑनर्सला आणखी एक फांदी आहे : ‘ऑनर्स विथ रिसर्च’. चौथ्या वर्षी १२ क्रेडिट्सचा संशोधन प्रकल्प करायचा आणि तशी पदवी घ्यायची. पण ही वाट सगळ्यांना खुली नाही. यूजीसीच्या आराखड्यात यासाठी पहिल्या सहा सेमिस्टरमध्ये ७५ टक्के किंवा त्याहून जास्त गुण मागितले आहेत. बाकीच्यांनी प्रकल्पाऐवजी १२ क्रेडिट्सचे नेहमीचे कोर्स करायचे आणि साधं ऑनर्स घ्यायचं.

पुढे आणखी एक ७५ आहे. यूजीसीच्या नोव्हेंबर २०२२ च्या पीएच.डी. नियमांनुसार चार वर्षांच्या पदवीला एकूण ७५ टक्के असतील तर मास्टर्स न करता थेट पीएच.डी.साठी पात्र होता येतं. एससी, एसटी, ओबीसी (नॉन-क्रीमीलेअर), दिव्यांग आणि ईडब्ल्यूएस गटातल्या विद्यार्थ्यांना यात ५ टक्क्यांपर्यंत सवलत देता येते. २०२४ मध्ये यूजीसीने अशाच चार वर्षांच्या पदवीधरांना नेट परीक्षेचाही मार्ग मोकळा केला, तिथेही ७५ ची अट आहे.

या दोन ७५ मध्ये गल्लत करू नका. पहिला सहाव्या सेमिस्टरनंतर बघितला जातो, दुसरा आठव्यानंतर. आणि दुसऱ्याचा नियम ‘७५ टक्के किंवा समतुल्य श्रेणी’ असा आहे. सगळी गोम त्या ‘समतुल्य’मध्ये आहे. कारण पदवीच्या मार्कशीटवर आता बहुतेक ठिकाणी सीजीपीएच ठळकपणे दिसतो. म्हणजे कुणीतरी कुठलं तरी सूत्र लावून तुमच्या सीजीपीएचे टक्के करणार, आणि त्यावर तुम्ही आत की बाहेर ते ठरणार.

७५ हुकले म्हणजे संशोधनाचं दार कायमचं बंद झालं असं नाही, हेही इथेच सांगते. चार वर्षांनंतर एक वर्षाचं किंवा तीन वर्षांनंतर दोन वर्षांचं मास्टर्स करून त्यात ५५ टक्के मिळवले की पीएच.डी.ची पात्रता येते. फक्त वर्ष वाढतं. आता एक वर्ष म्हणजे काय, हे ज्याच्या-त्याच्या घरावर अवलंबून आहे. कुणासाठी ते नुसतं एक वर्ष असतं. कुणासाठी आणखी एका वर्षाचं खोलीभाडं, मेस, फी आणि ‘आता कमवायला कधी लागणार?’ हा दर सुट्टीतला प्रश्न असतो.

मार्कांचे ग्रेड होताना काय होतं?

आता जरा मशीनच्या आत डोकावू. तुम्हाला पेपरात मार्क मिळतात. त्या मार्कांचे पट्टे पाडलेले असतात. ज्या पट्ट्यात तुमचे मार्क पडतात, त्याचा ग्रेड पॉइंट तुम्हाला मिळतो. मग त्या पॉइंटला विषयाच्या क्रेडिटने गुणतात, सगळ्यांची बेरीज करतात आणि एकूण क्रेडिट्सने भागतात. हा झाला एका सेमिस्टरचा एसजीपीए. सगळ्या सेमिस्टरचा असाच हिशेब केला की सीजीपीए.

यूजीसीने दहा पॉइंटांची शिडी दिली : ओ म्हणजे १०, ए प्लस ९, ए ८, अशी उतरत पी म्हणजे ४. पण कुठल्या मार्कांना कुठली पायरी, हे ठरवायचं काम विद्यापीठांकडे राहिलं. खरा फरक इथे पडतो.

मुंबई विद्यापीठाच्या इंजिनीअरिंगच्या क्रेडिट पॅटर्नमधले पट्टे बघा. ८० आणि त्यावर कितीही मार्क असोत, पॉइंट १०. ७५ ते ८० च्या आत ९. ७० ते ७५ च्या आत ८. आणि ६० पासून ७० च्या आत सगळ्यांना ७. म्हणजे ८० वाला आणि ९८ वाला एकाच पायरीवर. ६९ वाला आणि ७० वाला मात्र वेगवेगळ्या.

यातून काय होऊ शकतं, ते दोन काल्पनिक मैत्रिणींवरून बघू. सोयीसाठी चारच विषय, सगळे सारख्या क्रेडिटचे.

पहिलीचे मार्क : ९८, ९८, ६९, ६९. सरासरी ८३.५. तिचे पॉइंट झाले १०, १०, ७, ७. सीजीपीए ८.५.

दुसरीचे मार्क : ८०, ८०, ७५, ७५. सरासरी ७७.५. तिचे पॉइंट झाले १०, १०, ९, ९. सीजीपीए ९.५.

सरासरीत सहा मार्कांनी मागे असलेली दुसरी सीजीपीएत पूर्ण एका पॉइंटने पुढे गेली! आता ७.१ आणि ११ चं सूत्र लावून परत टक्के करा. पहिलीचे होतात ७१.३५, दुसरीचे ७८.४५. ७५ च्या रेषेवर खरे ८३.५ टक्के मिळवलेली बाहेर आणि ७७.५ वाली आत.

हे टोकाचं उदाहरण आहे, मान्य. चाळीस-पन्नास पेपरांत असे चढउतार बऱ्यापैकी एकमेकांना सांभाळून घेतात. पण रेषेच्या जवळपास असलेल्यांचं भवितव्य अशाच एक-दोन पेपरांवर ठरतं. आणि रेषेच्या जवळपास बरीच मुलं असतात.

यात विद्यापीठाने कुणाला फसवलं, असं अजिबात नाही. ते ११ मिळवायचं सूत्र विचित्र वाटतं, पण त्यामागे हिशेब आहे. ८० लाच १० पॉइंट द्यायचे ठरवले, तर १० पॉइंटांचे १०० टक्के करता येत नाहीत. त्या सूत्राने १० चे ८२ होतात आणि ७ चे ६०.७, म्हणजे पट्ट्यांच्या खालच्या टोकाला साधारण जुळणारे. ज्या विद्यापीठात ९० च्या वरच ओ मिळतो, तिथे हे सूत्र लावणं चुकीचं ठरेल. म्हणून एका विद्यापीठाचा सव्वाआठ आणि दुसऱ्या विद्यापीठाचा सव्वाआठ शेजारी ठेवून तुलना करणं म्हणजे मुंबईचा वडापाव आणि पुण्याची मिसळ यांतलं तिखट एकाच चमच्याने मोजणं.

क्रेडिटचं वजन विसरू नका

दुसरी गोष्ट क्रेडिटची. चार क्रेडिटच्या विषयात ७ पॉइंट आणि दोन क्रेडिटच्या विषयात १० पॉइंट मिळाले तर सरासरी साडेआठ होत नाही. (४ × ७) + (२ × १०) = ४८, भागिले ६, म्हणजे ८. हेच उलटं झालं असतं, चार क्रेडिटला १० आणि दोन क्रेडिटला ७, तर तेच गणित ९ वर गेलं असतं. नव्या अभ्यासक्रमात दोन क्रेडिटचे विषय ढिगाने आले आहेत. त्यांत पैकीच्या पैकी घेऊन मेजर विषयाकडे काणाडोळा केला तर सीजीपीए त्याची आठवण करून देणारच.

क्लास ठरतो तो बैठकीत

इंजिनीअरिंगला सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात ७.७५ सीजीपीएला ‘फर्स्ट क्लास विथ डिस्टिंक्शन’ आणि ६.७५ ला फर्स्ट क्लास अशा रेषा दिसतील. एआयसीटीईच्या तक्त्यात ७.७५ म्हणजे ७० टक्के आणि ६.७५ म्हणजे ६० टक्के. म्हणजे दहावीला ७५ वर मिळणारं डिस्टिंक्शन इथे या तक्त्याच्या हिशेबाने ७० वर आहे. कुठलं बरोबर? दोन्ही. कारण ७५ किंवा ७० या आकड्यांत मुळात काही पवित्र नाही. विद्यापीठाच्या प्राधिकरणांच्या बैठकीत ठराव होतो, परिपत्रक निघतं आणि तो नियम होतो. तुम्ही पहिलं पान उलटण्याआधी तुमच्या क्लासचा साचा तयार असतो.

या साच्यात आणखी बऱ्याच गोष्टी असतात. सीजीपीए सगळ्या सेमिस्टरचा धरायचा की शेवटच्या काहींचा? केटी लागून नंतर पास झालेल्या विषयाचे पॉइंट पूर्ण धरायचे का? मेडल आणि रँकसाठी पहिल्याच प्रयत्नात पास व्हायची अट आहे का? दशांशानंतर किती आकडे? ७.७४ चे ७.७५ होतात का?

आणि ग्रेस. आपल्याला ग्रेस म्हटलं की पास होण्यापुरते मार्क आठवतात. पण मुंबई विद्यापीठाच्या ऑर्डिनन्समध्ये ५०४२-ए हे पास होण्यासाठीच्या ग्रेसचं, तर ५०४३-ए हे वरचा क्लास थोडक्यात हुकत असेल तर त्यासाठीच्या ग्रेसचं कलम आहे. एकूण गुणांच्या १ टक्का किंवा १० मार्क, यांतलं जे कमी असेल तितकं. अट एकच : बाकी सगळ्या विषयांत ग्रेसशिवाय पास झालेलं असलं पाहिजे. तुमच्या वर्गात किती जणांना हे माहीत आहे? एकदा विचारून बघा. मास कॉमची तीन वर्षं काढताना ‘वरच्या क्लाससाठीसुद्धा ग्रेस असतो’ हे आम्हाला कुठल्याही ओरिएंटेशनमध्ये सांगितलं गेलं नव्हतं.

बाहेर तरी सगळं आलबेल आहे का?

ब्रिटनमध्ये ‘ऑनर्स’ हा शब्द थेट क्लासशी जोडलेला आहे. साधारण ७० च्या वर ‘फर्स्ट’, ६० ते ६९ ‘टू-वन’, ५० ते ५९ ‘टू-टू’ आणि ४० च्या वर ‘थर्ड’. बऱ्याच ठिकाणी पहिल्या वर्षाचे मार्क या क्लाससाठी धरलेच जात नाहीत. इथून तिकडे मास्टर्सला जाणाऱ्यांनी ‘टू-वनच्या तोडीचं’ हे वाक्य वाचलं असेल. त्यातही ‘तोडीचं’ म्हणजे काय, हे प्रत्येक विद्यापीठ आपापल्या यादीवरून ठरवतं. आपला ६० चा फर्स्ट क्लास आणि त्यांचा ७० चा फर्स्ट नाव सारखं असलं तरी एक नाहीत.

आणि रेषा सरकण्याचा प्रश्न त्यांनाही सुटलेला नाही. इंग्लंडमध्ये फर्स्ट मिळवणाऱ्यांचं प्रमाण २०१०-११ मध्ये १५.७ टक्के होतं, ते २०२०-२१ मध्ये ३७.९ टक्क्यांवर गेलं. तिथल्या उच्च शिक्षण नियामकानेच हे आकडे मांडले. दहा वर्षांत मुलं दुपटीहून अधिक हुशार झाली की मार्क देण्याची पद्धत सैल झाली, यावर तिकडे जाहीर वाद झाला. आपल्याकडे किती टक्के मुलांना डिस्टिंक्शन मिळतं, हे विद्यापीठागणिक, वर्षागणिक एका जागी वाचायला मिळालं तर असा वाद आपल्यालाही घालता येईल.

मग मागायचं काय?

ग्रेड आणले ते मार्कांची रस्सीखेच कमी व्हावी म्हणून. ७४ आणि ७५ वाल्यात खरंच हुशारीचा फरक असतो का, हा प्रश्न बरोबरच होता. पण पॉइंट दिल्यावरही प्रवेशाचे, नोकरीचे आणि संशोधनाचे दरवाजे टक्केच विचारत राहिले. त्यामुळे झालं असं की मार्कांचे पॉइंट करताना माहिती एकदा गाळली जाते आणि पॉइंटांचे टक्के करताना ती परत आहे असं भासवलं जातं. दशांश चिन्हानंतरच्या दोन आकड्यांसह!

यावर महागडा उपाय लागत नाही. मार्कशीटच्या मागच्या बाजूला पट्टे, रूपांतराचं सूत्र आणि क्लासच्या रेषा छापाव्यात. जिथे ७५ ची अट आहे, तिथे ‘समतुल्य’ म्हणजे नेमके किती पॉइंट, हे विद्यापीठाने प्रवेशाच्या दिवशीच लेखी सांगावं. सहा सेमिस्टर संपल्यावर ते कळून काही उपयोग नाही. राज्यात स्वायत्त कॉलेजांत नवं धोरण २०२३-२४ मध्ये आलं, संलग्न कॉलेजांत त्याच्या पुढच्या वर्षी. म्हणजे संलग्न कॉलेजांची पहिली मोठी बॅच २०२७ मध्ये त्या ७५ च्या दारापुढे उभी असेल. अजून वेळ आहे.

विद्यापीठं जागी होईपर्यंत आपण काय करायचं? खालचे प्रश्न घेऊन परीक्षा विभागाच्या खिडकीवर जा. शक्यतो निकालाच्या आधी. निकालानंतर त्या खिडकीवर फार गर्दी असते.

हे सहा प्रश्न आधी विचारा

१. माझ्या पॅटर्नमध्ये कुठल्या मार्कांना कुठला ग्रेड पॉइंट आहे? (सीनिअरचा पॅटर्न वेगळा असू शकतो. त्याचं सूत्र डोळे झाकून उचलू नका.)

२. सीजीपीएचे टक्के करण्याचं विद्यापीठाचं अधिकृत सूत्र कुठलं? त्याचं परिपत्रक किंवा दाखला मिळेल का?

३. क्लास ठरवताना कुठली सेमिस्टर धरतात? केटीचा परिणाम क्लासवर होतो का, की फक्त रँकवर?

४. वरच्या क्लाससाठी ग्रेसची तरतूद आहे का? एनएसएस, एनसीसी, खेळ यांचे मार्क यात धरतात का?

५. आमच्या कॉलेजात चौथं वर्ष आहे का? ‘ऑनर्स विथ रिसर्च’साठी माझ्या विषयाला मार्गदर्शक प्राध्यापक आहेत का? नसतील तर मला ७५ असूनही जायचं कुठे?

६. सहाव्या सेमिस्टरनंतर ७५ ची अट सीजीपीएत किती धरणार?

पाचव्या प्रश्नावर थोडं अडून बसा. बाकीच्या पाच प्रश्नांची उत्तरं कागदावर कुठेतरी असतात, शोधली की सापडतात. तालुक्याच्या कॉलेजातल्या एखादीने ७५ टक्के मिळवले आणि तिच्या विषयाला मार्गदर्शकच नसेल, तर तिच्यासाठी ती रेषा ७५ वर असली काय आणि ६५ वर असली काय, सारखंच.